दोघींपुरता बांध

आम्हा मास्तर लोकांची एक खोड आहे. चार जण एकत्र आलो की पगार, बदली आणि ऑनलाइन माहिती या तीन गोष्टींवर आधी पोटभर रडायचं. मग कुणीतरी म्हणतं, "अगं, आमच्या वर्गातलं एक कार्टं काय म्हणालं ऐक!" झालं! एकेकाचं सुरू होतं. हे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. खडूच्या भुकटीसारखे ते अंगावर साचतात. घरी जाऊन पदर झटकला तरी थोडे चिकटून राहतातच.

शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीत माझा नंबर लागला की सगळे आधी हसतात. मग हळूहळू डब्यांची झाकणं लावायला लागतात. एक मैत्रीण तर तोंडावर म्हणाली, "तुझे किस्से ऐकले की पुढचं सेशन जड जातं बाई!" आता माझ्या वर्गात जे घडतं तेच मी सांगणार ना? गोड गोड ऐकायचं असेल तर मोबाईलवर रील बघा की!

माझी शाळा मांडवगण फराट्याच्या पुढं, घोडनदीच्या अंगाला, उसात बुडालेल्या एका वस्तीवर आहे. खोल्या दोन, शिक्षक दोन. पहिली-दुसरी हेडसरांकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. मी रोज दौंडहून स्कूटीवर येते. मिस्टर रेल्वेत, त्यामुळं दौंड सुटत नाही, आणि या पोरांमुळं शाळा सुटत नाही.

मला गणितात भूमिती आवडते आणि मराठीत पोरांनी स्वतःच्या मनानं लिहिलेलं आवडतं. म्हणून मी दोन्ही एकत्र कालवते. एखादी आकृती काढायची, जुन्या काळात माणसांना ती कशी सुचली ते सांगायचं, आणि मग त्यावर पोरांनी गोष्ट रचायची. हेडसर याला 'मॅडमची भेळ' म्हणतात.

या भेळीतल्या दोन पोरींची ओळख आधीच करून देते, कारण पुढचं सगळं फिरून फिरून त्यांच्यापाशीच येतं. ईश्वरी आणि समृद्धी. सख्ख्या चुलत बहिणी. तेव्हा तिसरीत होत्या, एकाच बाकावर. ईश्वरीचे वडील बापू, ते थोरले. समृद्धीचे वडील नाना, ते धाकटे. भावाभावांत बोलणं नाही. दोघांच्या उसाच्या मधून एक बांध जातो, आणि दर नांगरटीला हे म्हणतात त्यानं कोरला, ते म्हणतात ह्यानं कोरला. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात बापू मला बजावून गेले, "मॅडम, आमच्या पोरीला त्येच्या पोरीपास्नं लांब बसवा. न्हाईतर शिरूरला इंग्लिश मिडियमला घालतो. पिवळी बस आता दारात येती."

मी "बरं बरं" म्हणाले आणि दोघींना होत्या तिथंच ठेवलं. एकीची पेन्सिल दुसरीच्या दप्तरात, दुसरीची चटणी पहिलीच्या भाकरीवर. कुठून तोडायचं? पण तेव्हापासून पिवळी बस रस्त्यावर दिसली की मी आधी त्यांच्या बाकाकडं बघायचे.

* * *

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आमच्या वर्गात नवी पोरं येतात. रेणुका अशीच आली. तिकडं बीडकडची. आई-बाप कोयता घेऊन पहाटेच फडात, आणि ही धाकट्या भावाला काखेत मारून शाळेत. भाऊ झोपला की हिचा अभ्यास सुरू.

मी त्रिकोण शिकवत होते. म्हटलं, "सांगा, त्रिकोण कुठं कुठं बघितलाय?" कुणी म्हणालं समोसा. कुणी म्हणालं देवळावरचा झेंडा. कुणी रस्त्यावरची 'पुढे वळण' वाली पाटी. रेणुकानं हात वर केला.

"मी त्रिकोनातच ऱ्हाते, बाई."

पोरं खो खो हसली. ती उठली आणि फळ्यावर तिनं कोपी, म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी, काढली. दोन बाजूंनी पाचट लावलेली, वर टोक, खाली जमीन. अगदी बरोबर त्रिकोण! "मधी उभं ऱ्हाता येतंय," ती म्हणाली. "कडंला न्हाई. कडंला नुसतं झोपायचं."

मी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, तसा टोळीनं मुक्काम हलवला. एक दिवस येताना बघते तर वावर रिकामं, आणि कोपी होती तिथं चुलीचे तीन काळे दगड. ती सांगूनसुद्धा गेली नव्हती. सांगायला तिला तरी कुठं कुणी आधी सांगितलं असणार!

* * *

शून्याचं मी फार रंगवून सांगते. एके काळी जगात आकडे होते पण शून्य नव्हतं. मग आपल्या देशातल्या माणसांनी त्याला आकड्यांच्या पंक्तीत बसवलं वगैरे. पोरं छाती फुगवून ऐकतात.

यश नावाचं एक पात्र आहे वर्गात. केस उभे, शर्टाचं एक बटण कायम गायब. त्यानं विचारलं, "बाई, शून्य नव्हतं तवा नापास पोरांना काय देत व्हते?"

हसून झाल्यावर मी म्हटलं, "काही देत नव्हते रे. जुन्या काळी काही लोक नुसती जागा मोकळी सोडायचे. मोकळी जागा दिसली की समजायचं, इथं काही नाही."

दुसऱ्या दिवशी लिहायला दिलं, 'माझं घर आकड्यांत'. यशनं लिहिलं: म्हशी दोन, कोंबड्या पाच, आई एक, बहीण एक. पुढं 'वडील' लिहून जागा मोकळी सोडली होती. मला वाटलं विसरला. म्हटलं, "यश, आकडा राहिला रे."

तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, त्यांचं पाटसला दुसरं घर हाय. एक लिहिलं तर आई म्हणती खोटं हाय. शून्य लिहिलं तर आज्जा म्हणतो, जित्या माणसाचं असं लिहू नी. मग तुम्ही म्हणला व्हता तसं क्येलं."

मी त्याला दहापैकी दहा दिले. दुसरं काय देणार होते?

* * *

हाच यश गोष्ट लिहिण्यातही पटाईत. मी सांगितलं होतं, "एका चौकोनाची गोष्ट लिहा. सुरुवात पाहिजे, शेवट पाहिजे." बाकीच्यांनी चौकोनाला जंगलात नेलं, सिंह भेटवला. मुलींनी त्याचं लग्न आयताशी लावलं. यशची गोष्ट अशी:

"एक चौकोन होता. त्याला चार कोपरे होते. चार जणांनी एक एक कोपरा वाटून घेतला. गोष्ट संपली."

मी म्हटलं, "अरे, मग चौकोनाचं काय झालं?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मीच तिसरीत आहे! म्हणाला, "वाटणी झाली की बाई."

हेडसरांना वाचून दाखवली. त्यांच्याही तीन भावांत कोर्टात चालू आहे. त्यांनी चष्मा पुसला आणि चहा न पिताच तासावर गेले.

* * *

आता रेषेचा तास. हा नीट ऐका.

रेषा शिकवणं सगळ्यात अवघड. मी फळ्यावर लांबलचक रेघ मारली आणि म्हटलं, "रेषेला लांबी असते. रुंदी नसते."

ईश्वरी पुढं येऊन फळ्याला नाक लावून बघायला लागली. "हाय की बाई! खडूएवढी हाय!"

"ते आपलं चित्र झालं गं. खऱ्या रेषेला रुंदी अजिबात नसते. मुंगीलासुद्धा तिच्यावर उभं राहता येणार नाही."

"मंग ती दिसती कुठं?"

"कुठंच नाही. मनात धरायची."

पोरी विचारात पडल्या. ईश्वरीनं समृद्धीला कोपर मारलं. समृद्धी उभी राहून म्हणाली, "म्हंजी आमचा बांध रेषा न्हाई, बाई."

अख्ख्या वस्तीला तो बांध माहीत आहे. मी सांभाळून म्हटलं, "नाही. बांधाला रुंदी असते. जुने बांध तर असे रुंद असायचे की बैलगाडी जायची."

"आमच्यावर गाडी न्हाई जात," समृद्धी म्हणाली. "पर दोघींपुरता हाय. आम्ही रविवारी मांडी घालून बसतो. ही त्यांच्या अंगाला, मी आमच्या. कोण कुणाच्या रानात जातच न्हाई, मग कोण कशाला वरडंल?"

वकिलालासुद्धा सुचणार नाही अशी ही तोड! दोघी खाली बसल्या आणि एकाच खोडरबरानं आपापली रेघ पुसायला लागल्या, रुंदी कमी करायला.

* * *

इनामगाव आमच्यापासून फार लांब नाही. एका पालकाच्या पिकअपमधून पोरांना घेऊन गेले. तिथं बघायला काय आहे म्हणाल तर काही नाही. ढेकळं, बाभळी आणि खाली नदी. पण खोदकाम करणाऱ्यांना तिथं हजारो वर्षांपूर्वीची घरं सापडली. आधी चौकोनी, मोठी. मग म्हणे पाऊस कमी झाला, दिवस वाईट आले, आणि घरं लहान आणि गोल झाली. भूमिती आणि इतिहास एकाच टेकाडावर! मी खुशीत होते.

समृद्धी म्हणाली, "बाई, गोल घराला कोपरा न्हाई. मग रुसल्यावर बसायचं कुठं?"

पिकअपवाले मामासुद्धा हसले. यश मात्र हात मागं बांधून जमीन बघत फिरत होता. "बाई, ह्यांचे बांध कुठं हायती?"

"बांध काही मला माहीत नाहीत रे बाबा."

"मग भाऊ भाऊ बोलत असत्याल," तो म्हणाला.

एवढ्यावर घरी यायला पाहिजे होतं. पण मला शिकवण्याची हौस! मी सांगून टाकलं की त्या लोकांचं लहान मूल गेलं की ते त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घरातल्या जमिनीखालीच पुरायचे.

ईश्वरीनं विचारलं, "घरातच? लांब न्हाई?"

"घरातच."

तिनं पायाखालची जमीन बघितली. मग म्हणाली, "आईला लांब जायला नगं म्हणून व्हय?"

मामांनी गाडीला किल्ली मारली. परत येताना गाणी म्हणायचं ठरलं होतं, पण कुणी म्हटली नाहीत.

* * *

हेडसर तसे विनोदी माणूस. त्यांचा हा एक.

मी पोरांना दोरीची गोष्ट सांगितली. लांब इजिप्त देशात नदीला पूर यायचा, शेतांच्या खुणा वाहून जायच्या, मग राजाची माणसं दोरी घेऊन यायची आणि शेतं पुन्हा आखून द्यायची. भूमिती तिथूनच सुरू झाली असं सांगतात. समृद्धीनं विचारलं, "आन् लोक भांडायचे न्हाईत?" म्हटलं, "भांडत असणार गं. म्हणून तर राजाची माणसं लागायची."

मग आम्ही तशी दोरी केली. सारख्या अंतरावर गाठी, बारा भाग. तीन, चार आणि पाच भागांच्या बाजू ताणून धरल्या की त्रिकोणाचा एक कोपरा बरोबर काटकोन होतो. पोरांना जादूच वाटली! टेबल तपासलं, खिडकी तपासली, देवळाचा ओटा तपासला. सगळं पास. मग शाळेच्या नव्या खोलीचा, म्हणजे आमच्याच वर्गाचा, कोपरा तपासला. नापास! पुन्हा लावली. पुन्हा नापास. पोरं धावत हेडसरांकडं गेली, "सर, भिंत वाकडी हाय!"

हेडसर म्हणाले, "भिंतीला सांगू नका रे! तिला माहीत नाही म्हणून उभी आहे!"

दिवसभर हसलो आम्ही. पण खरं सांगू? तेव्हापासून जोराचा वारा सुटला की मी त्या कोपऱ्यातली पोरं उठवून इकडं आणून बसवते.

* * *

आणि त्याच दोरीनं घात केला.

मला पोरांकडून मैदानावर मोठा चौरस आखून घ्यायचा होता. दोरी जरा लांब पाहिजे म्हणून ईश्वरीनं घरून नवी आणली. समृद्धीनं लोखंडी खुंट्या आणल्या. यशनं चुन्याची फक्की. शाळेचं मैदान रस्त्याला लागून. पोरं खुंट्या ठोकतायत, दोरी ताणतायत, फक्कीच्या रेघा मारतायत, आणि मी मधे टोपी घालून कागद बघत उभी. लांबून कसं दिसलं असेल तुम्हीच बघा!

पहिल्यांदा एक आबा सायकल टाकून आले. "मॅडम, खरं सांगा. कुणाची जमीन जातीया?"

"अहो आबा, भूमिती आहे!"

"त्येच इचारतोय. हायवे हाय का कॅनॉल?"

मी समजावतेय तोवर कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला, 'वस्तीवर मोजणी सुरू'. दहा मिनिटांत रस्ता मोटरसायकलींनी भरला. कुणी सातबारा घेऊन आलं. एक बाई धारेची बादली हातात घेऊनच आल्या. आणि दोन बाजूंनी बापू आणि नाना आले. कधी नव्हे ते भाऊ शेजारी शेजारी उभे राहिले.

बापू ओरडले, "मोजणी आणली व्हय रं चोरून!"

नाना ओरडले, "मी आणली? तूच आणली असशील! रातोरात बांध खायचा आन् दिवसा मोजणी!"

तेवढ्यात बापूंची नजर दोरीवर गेली. "ही तर माझ्या गोठ्यातली दोरी!"

आणि नानांची खुंट्यांवर. "आन् ह्या पहार तोडून केलेल्या खुंट्या माझ्या!"

हसू असं फुटलं की विचारू नका! आबा तर सायकलीला धरून हसत होते. दोघा भावांनी मिळून स्वतःच्या सामानानं मोजणी घातली, असं म्हणत होते लोक. मीही हसले. दोन्ही पोरी टाळ्या पिटत होत्या. त्यांना वाटलं, आता बोलतील.

पण चार लोकांत हसं झालेला माणूस फार वाईट असतो हो. बापूंचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी दोरी ओढून घेतली, फक्कीचा चौरस बुटानं फिसकटला आणि मला म्हणाले, "पोरगी शाळंत घातली व्हती, मॅडम. भावकीचा तमाशा कराया न्हाई. हे वरीस संपू द्या."

नाना स्वतःच्या खुंट्या एक एक उपटून घेऊन गेले.

* * *

दुसऱ्या दिवशी बापूंचा निरोप, दोघींना वर्गात एकमेकींपासून सगळ्यात लांब बसवा. हेडसर म्हणाले, "बसवा मॅडम. तेवढ्यानं राग गेला तर गेला."

मी वर्गात उभी राहिले. विचारलं, "बाळांनो, या खोलीत सगळ्यात लांब असलेल्या दोन जागा कुठल्या?"

आणि काय सांगू! वर्षभर शिकवलेलं अख्ख्या वर्गानं एका सुरात म्हणून दाखवलं, "समोरासमोरचे कोपरे!" यश उठून म्हणाला, "दारापास्नं त्या खिडकीपतुर, बाई. कर्ण. चौकोनात त्येच्याहून लांब काय नसतंय." त्यानं पावलं टाकून मोजूनही दाखवलं. साहेब तपासणीला आले असते तर शाबासकी मिळाली असती.

ईश्वरी दाराशी बसली, समृद्धी खिडकीशी. ईश्वरीनं मान तिरकी करून खिडकीकडं बघितलं. मग तिचा चेहरा खुलला. "बाई, हितनं मला समृद्धी सरळ दिसती! मधी कुणाचं डोस्कंच येत न्हाई!"

वर्ष संपेपर्यंत त्या दोघी कर्णावरून एकमेकींकडं बघत होत्या. मी दोघींच्या मधे कधी उभी राहिले नाही.

* * *

दाखला न्यायला बापू आले ते ईश्वरीला घेऊनच आले. नवा गणवेश, टाय, बूट. टायचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं, सारखी पुढं ओढत होती. मी बापूंना म्हटलं, "चौथी तरी होऊ द्या. एकच वर्ष. दोघी एकत्र पास होतील."

बापू खुर्चीवर बसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "मॅडम, तुमच्याबद्दल काय न्हाई. तुम्ही लई केलं पोरीचं. पर रोज घरी आली की त्येचंच नाव. जेवताना त्येच्या पोरीचं नाव, झोपताना त्येच्या पोरीचं नाव. मी किती ऐकू?"

हा माणूस रागीट आहे असंच मी धरून चालले होते. त्या दिवशी मला तो थकलेला दिसला. मी दाखल्याचा कागद हेडसरांपुढं सरकवला. हेडसरांनी सही केली.

जाताना ईश्वरीनं विचारलं, "बाई, इंग्लिश मिडियमला त्रिकोनाला काय म्हणत्यात?"

"ट्रँगल."

"त्याला पण तीनच बाजू असत्यात ना?"

"तीनच."

"मग जमंल मला," ती म्हणाली आणि बापाच्या मागं गाडीवर बसली. दुसऱ्या दिवसापासून पिवळी बस आमच्या शाळेवरून जायला लागली. थांबत नाही. काचेला चिकटवलेला एक हात तेवढा दिसतो. समृद्धी त्या वेळेला बरोबर नळावर पाणी प्यायला जाते, आणि मी कधी तिला अडवलेलं नाही.

* * *

आता हा शेवटचा, यंदाचा.

समृद्धी चौथीत गेली. माझ्याकडं तिसरीची नवी पोरं आली. दोन्ही वर्ग एकाच खोलीत, त्यामुळं चौथीच्या पोरांना तिसरीचं सगळं पुन्हा ऐकायला लागतं. परवा रेषेचा तास होता. फळ्यावर रेघ मारली आणि म्हटलं, "रेषेला लांबी असते, रुंदी नसते. मुंगीलासुद्धा उभं राहता येत नाही. अशी वस्तू कुणी कुठं बघितली आहे का?"

मला माहीत होतं की कुणी हात वर करणार नाही. मग मी म्हणणार, "बघितली नाही ना? म्हणून मनात धरायची." हे माझं ठरलेलं.

खिडकीशी हात वर झाला. समृद्धी अजून त्याच कोपऱ्यात बसते. दाराजवळची जागा रिकामी झाली, मी तिला पुढं ये म्हटलं, पण ती हलत नाही.

"सांग गं."

"आमचा बांध, बाई."

"अगं, गेल्या वर्षी तूच म्हणाली होतीस ना, बांध रेषा नाही म्हणून? दोघींपुरता आहे म्हणून?"

"तवा व्हता," ती म्हणाली. "ईश्वरीची शाळा बदलली तवा आम्ही रविवारी मांडी घालून बसायचो. मग तिच्या पप्पांनी बांधाच्या कडंनं ट्रॅक्टर घातला, थोडा बांध तिकडनं गेला. मग आमच्या पप्पांनी घातला, थोडा हिकडनं गेला. मग आम्ही पाय खाली सोडून, पाठीला पाठ लावून बसायचो. दिवाळीनंतर परत दोघांनी घातला. आता एकीनं बसायचं आन् दुसरीनं तिला धरून उभं ऱ्हायचं. आळीपाळीनं."

यश तिच्याकडं बघत होता. तिसरीची पोरं फळ्यावरच्या रेघेकडं बघत होती.

मी म्हटलं, "म्हणजे अजून रुंदी आहे ना, बाळ?"

तिनं दोन्ही हात समोर धरले आणि किती ते मला दाखवलं. मग ते आणखी जवळ आणले.

"हाय, बाई. पर औंदाचा ऊस गेला की दोघंबी नांगरणार हायती. मग व्हईल त्याची रेषा."